जठरातील जंतू आणि घरातील पाणी



भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले तलाव, जिल्ह्याच्या मधून वाहणारी वैनगंगा आणि पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या हे या झाडीपट्टीचे वैभव होय. मात्र जेथे पाणी मुबलक असते, तेथे ते कोठून आले आणि कोणत्या हाताने घेतले याची चौकशी कमी होते, असा सर्वत्रचा अनुभव आहे. पोटाच्या एका चिवट दुखण्याचा या सवयीशी निकटचा संबंध आहे.

हे दुखणे घरोघरी परिचित आहे. छातीत जळजळ होते, करपट ढेकरा येतात, उपाशीपोटी किंवा मध्यरात्री कळ उठते आणि चार घास खाल्ले की थोडे बरे वाटते. ‘पित्त झाले’ असे म्हणून कोणी सोडा घेतो, कोणी जिरे चघळतो, कोणी दुकानातून गोळी आणतो. दुखणे दबते आणि महिन्याभराने परतते. अशी दहा-दहा वर्षे काढणारी माणसे प्रत्येक गावात आढळतील.

या दुखण्याचे खापर पूर्वी मिरची-मसाल्यावर, चिंतेवर आणि जागरणावर फोडले जाई. भातही त्यातून सुटला नाही. १९६० च्या दशकात भारतीय डॉक्टरांच्या असे निदर्शनास आले की, गहू खाणाऱ्या उत्तरेपेक्षा भात खाणाऱ्या दक्षिणेत लहान आतड्याच्या आरंभी होणारे व्रण अधिक आढळतात. भात कमी चावला जातो, त्यामुळे लाळ पुरेशी मिसळत नाही, असे त्याचे एक कारण त्या काळी सुचविण्यात आले. धानावर जगणाऱ्या भंडाऱ्याने हे ऐकून चिंता करावी अशीच गोष्ट होती. आहाराचा काही वाटा असेलही. परंतु मुख्य आरोपी निराळाच निघाला.

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराच्या रॉयल पर्थ रुग्णालयात रॉबिन वॉरन हे विकृतिशास्त्रज्ञ होते. जठराच्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना १९७९ साली त्यांना वळणदार आकाराचे जंतू दिसले. जठरातील तीव्र आम्लात जंतू जगूच शकत नाहीत, अशी तेव्हा वैद्यकाची ठाम समजूत होती. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. प्रयोगशाळेत हे जंतू वाढविण्याचे प्रयत्न फसत होते, कारण तबकड्या दोन दिवसांत टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या तशाच राहून गेल्या आणि पाचव्या दिवशी जंतूंची वाढ दिसून आली. एवढ्यानेही वैद्यकीय जगताची खात्री पटली नाही. अखेर १९८४ साली मार्शल यांनी जंतूंचे द्रावण स्वतः प्राशन केले. काही दिवसांतच त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठराला सूज आल्याचे आढळले. अर्थात, हा मार्ग कोणी अनुसरावा असा नव्हे! २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या जंतूला हेलिकोबॅक्टर पायलोरी असे नाव आहे. तो आपल्याभोवती अमोनिया निर्माण करून आम्ल सौम्य करतो आणि अस्तरावरील चिकट थरात शिरून वर्षानुवर्षे राहतो. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात त्याचे वास्तव्य असल्याचे विविध पाहण्यांवरून दिसते. यांपैकी बहुतेकांना त्याचा कधीच त्रास होत नाही. सुमारे दहा टक्क्यांना आयुष्यात केव्हातरी व्रण होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९४ साली या जंतूची गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली. संसर्ग एवढा असूनही भारताच्या बहुतेक भागांत जठराचा कर्करोग तुलनेने कमी आढळतो, मिझोराममध्ये मात्र तो पुष्कळ आहे; म्हणजे जंतूच्या जोडीला आहार, तंबाखू आणि प्रकृती यांचाही वाटा असतो. भयभीत होण्याचे कारण नाही, पण ‘पित्त’ म्हणून सोडून देण्यासारखाही हा विषय नव्हे.

हा जंतू माणसाच्या शरीरात बहुधा बालपणीच शिरतो. लाळ, उलटी आणि विष्ठेने दूषित झालेले पाणी वा अन्न हे त्याचे मार्ग मानले जातात; घरात आईला संसर्ग असेल तर मुलाला तो होण्याचा संभव वाढतो. दाटीवाटीचे घर, एकाच ताटात जेवण आणि अस्वच्छ पाणी असेल तर त्याला वाट मोकळीच असते. या संदर्भात जपानचे उदाहरण बोलके आहे. त्या देशात १९५० पूर्वी जन्मलेल्या पिढीत बहुसंख्यांना हा संसर्ग होता. युद्धोत्तर काळात नळाचे शुद्ध पाणी आणि मलनिस्सारण यांची सोय झाली आणि पुढे जन्मलेल्या पिढ्यांत तो झपाट्याने उतरला. तेथील सरकारने जठराच्या सुजेसाठी या जंतूवरील औषधोपचार आरोग्य विम्यात आणला तो पुष्कळ नंतर, २०१३ साली. औषधाच्या आधी पाण्याने काम केले होते.

आता झाडीपट्टीतील रोजच्या व्यवहाराकडे पाहू. रोवणीच्या दिवसांत चिखलाने भरलेले हात बांधीतल्याच पाण्यात खळबळून शिदोरी सोडली जाते. साबणाची वडी घरी असते, शेतावर नसते. ती शिदोरीबरोबर बांधून नेण्यास खर्च काहीच नाही. पिण्याच्या माठात पेला बुडविताना बोटे पाण्याला लागतात; लांब दांड्याचे ओगराळे ठेवले की तो प्रश्न सुटतो. बाळाचा घास आपल्या तोंडात चावून मऊ करून भरविण्याची रीत मायेची खरी, परंतु तो घास बोटांनी कुस्करून दिल्याने माया उणी होत नाही. एकाच पन्नीतला खर्रा चौघांच्या न धुतलेल्या हातांतून फिरतो, त्याविषयी तर न बोललेलेच बरे. तोंडाच्या कर्करोगाला कारण होणारी ही वस्तू मुळातच सोडण्याजोगी आहे.

नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हान नदीत आणि पुढे वैनगंगेत येते, हे लक्षात घेता नदीकाठच्या गावांनी पाण्याच्या शुद्धीकरणाबाबत विशेष दक्ष राहणे अगत्याचे आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतो. पण तिचा अंश टाकीपासून सर्वांत दूरच्या नळाला पोहोचतो काय, हे ओटी तपासणीने पाहिले पाहिजे. तेथे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. पाण्याला किंचित वास येतो म्हणून विहिरीकडे वळणाऱ्या भगिनींना हे समजावून सांगणे आशा सेविकांना सहज शक्य आहे. शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट उकळावे आणि त्याच भांड्यात झाकून निवू द्यावे.

दोन सवयींबद्दल अधिक स्पष्ट बोलणे भाग आहे. दिवसभर वाकून रोवणी केल्यावर कंबर दुखते आणि किराणा दुकानातून वेदनाशामक गोळी आणून उपाशीपोटी घेतली जाते. अशा अनेक गोळ्या स्वतःच जठराला व्रण पाडतात; जंतू आधीच असेल तर धोका अधिकच वाढतो. दुसरी सवय जुलाबाच्या गोळीची. पोट बिघडले की मेट्रोनिडॅझोलच्या दोन-चार गोळ्या खाऊन थांबण्याचा प्रघात पडला आहे. हेच औषध जठरातील जंतूवरही वापरले जाते आणि अशा अर्धवट वापरामुळे भारतात हा जंतू त्या औषधाला फारसा दाद देईनासा झाला आहे. साध्या जुलाबाला बहुधा मीठ-साखरेचे पाणी वा जलसंजीवनी पुरते. गोळी डॉक्टरांनी दिली तरच घ्यावी.

शौचास डांबरासारखे काळे होणे, उलटीत रक्त पडणे, घास अडकणे किंवा कारण नसता वजन घटणे यांपैकी काहीही आढळल्यास एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे. एरवी तक्रार वारंवार होत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवावे. ते आवश्यकतेनुसार भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा नागपूरला पाठवितात. जंतूचा शोध श्वासाच्या, शौचाच्या किंवा दुर्बिणीच्या तपासणीने लागतो. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तसे डॉक्टरांना आधी सांगावे, कारण दुर्बिणीखेरीजच्या तपासण्यांपूर्वीही त्या दोन आठवडे थांबवाव्या लागतात. नाहीतर जंतू असूनही निकाल ‘नाही’ असा येऊ शकतो. उपचार दहा ते चौदा दिवसांचा असतो. त्यात प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध एकत्र द्यावे लागते. तोंड कडवट होते, मळमळते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कळ थांबली की पुष्कळजण औषध सोडतात. नेमके तेव्हाच आशा सेविकेने घरी डोकावून गोळ्यांची पाकिटे मोजावीत आणि उपचार संपल्यावर निदान चार आठवड्यांनी फेरतपासणीची तारीख कार्डावर लिहून द्यावी.