युद्धात तगल्याचे श्रेय कुणाचे?

(व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला आणि हिटलरसमोर ब्रिटन एकाकी उभे राहिले, ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या वर्षी ब्रिटिश जनतेने दाखविलेले धैर्य खरे होते. लंडनच्या कामगार वस्त्यांनी बॉम्बवर्षाव सोसला, हेही खरेच. माझा आक्षेप त्या धैर्याला नाही. ‘एकाकी’ या शब्दाला आहे.

डंकर्कहून माघारी आलेल्या सैन्यात हिंदी लष्कराच्या खेचर-तुकड्या होत्या. इंग्लंडच्या आकाशात लढलेल्या वैमानिकांपैकी सुमारे पाचवा हिस्सा पोलंड, झेकोस्लोव्हाकिया, न्यूझीलंड, कॅनडा अशा देशांतून आलेला होता. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील खलाशांत सुमारे चौथा हिस्सा हिंदी होता. त्यांत सिल्हेटप्रमाणेच आपल्या कोकणातली आणि गोव्यातली माणसेही होती. मार्च १९४१ पासून अमेरिकेची ‘लेंड-लीज’ मदत मिळू लागली. जून १९४१ नंतर जर्मन लष्कराचा मुख्य भार सोव्हिएत जनतेने पेलला. तिचे सुमारे २ कोटी ७० लाख लोक त्या युद्धात प्राणास मुकले.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो या युद्धाचा जमाखर्च. १९३९ मध्ये सुमारे २ लाख असलेले हिंदी सैन्य १९४५ पर्यंत २५ लाखांवर गेले. ठरलेल्या वाटणीनुसार खर्चाचा मोठा भाग ब्रिटनने सोसावयाचा होता. परंतु ती रक्कम मालाच्या वा सोन्याच्या रूपाने येथे आली नाही. ती लंडनमध्ये स्टर्लिंगच्या खात्यावर जमा झाली आणि तिच्या आधारावर येथे रिझर्व्ह बँकेने नोटा काढल्या. युद्धकाळात चलन सुमारे सहा पट झाले. युद्ध संपले तेव्हा ब्रिटनकडे आपले १३० कोटी पौंडांहून अधिक, म्हणजे १७०० कोटींवर रुपये येणे होते. दरिद्री देशाने आपल्या राज्यकर्त्याला दिलेले हे सक्तीचे कर्ज होते.

त्याची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. १९४२ मध्ये ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. जपानी येतील या भीतीने बंगालच्या किनाऱ्यावरील होड्या काढून घेण्यात आल्या. युद्धखर्चाने भाव भडकले. कलकत्त्याच्या कारखान्यांतील कामगारांना स्वस्त धान्य मिळाले, कारण युद्धाला त्यांची गरज होती. शेतमजूर, कोळी, कारागीर यांची मजुरी भावांच्या मागे पडली आणि ते मेले. सरकारी चौकशी आयोगाने १५ लाख मृत्यू मानले. पुढील अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. केवळ धान्याच्या तुटवड्याने नव्हे, तर धान्य मिळविण्याची ऐपत गेल्याने माणसे मेली, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात साधार मांडले.

आता ‘एकाकी’ या शब्दाचा व्यावहारिक उपयोग पाहा. हिंदुस्थानचे रक्षण आम्ही केले, तेव्हा या देण्याविरुद्ध आमचाही प्रतिदावा आहे, अशी भूमिका युद्ध चालू असतानाच चर्चिल यांनी घेतली होती. श्रेय एकट्याचे ठरले की इतरांचे येणे आपोआप हलके होते. ती रक्कम अखेर बुडविली गेली नाही. १९४७-४८ च्या करारांनी ती हप्त्याहप्त्याने मोकळी होऊ लागली. परंतु लष्करी साहित्याची किंमत आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने तिच्यातूनच वळती झाली, आणि महागाईने तिचे मोल आधीच घटविले होते.

याला उत्तर म्हणून ‘ब्रिटनला आम्हीच वाचविले’ अशी उलटी दंतकथा आपण रचू नये. सोव्हिएत सत्तेनेही १९३९ चा जर्मनीशी केलेला करार आणि अमेरिकन मदत आपल्या गौरवकथेत झाकून ठेवली होती. आणि आपण तरी काय केले? साम्राज्याच्या गणवेशात पडलेले सुमारे ८७ हजार सैनिक आपल्या स्वातंत्र्यकथेत बसेनात, म्हणून आपण त्यांना बाजूला ठेवले. बंगालच्या भूकबळींची तर नावेही कुणी लिहून ठेवली नाहीत.

युद्धात राष्ट्र तगले असे कुणी म्हणेल, तेव्हा त्या राष्ट्रातील आणि त्याच्या ताब्यातील कोण तगले नाही, हे विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागावी, एवढीच माझी विनंती आहे.