एकविसाच्या डावाची परिभाषा

प्रत्येक धंद्याची एक आतली भाषा असते. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्याच बैलाची किंमत काय झाली हे कळत नसे. अशा भाषेचा हेतू बाहेरच्या माणसाला अंधारात ठेवण्याचा असतो, हे आपण गृहीतच धरतो. आज मी ज्या भाषेविषयी बोलणार आहे ती मात्र याहून वेगळी आहे. ती कोणापासून लपवलेली नाही. उलट, नवख्या गिऱ्हाइकाला ती हसतमुखाने शिकवली जाते. ही भाषा म्हणजे कॅसिनोची, म्हणजेच परवाना घेऊन चालणाऱ्या जुगारघराची, आणि त्यातही ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाची परिभाषा होय. माझ्या कामात शब्दांशी रोज गाठ पडते. एखाद्या गोष्टीला कोणते नाव द्यावे यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते, हे तिथे शिकायला मिळते. त्या दृष्टीने ही परिभाषा मला फार बोधक वाटली.

खेळ समजायला सोपा आहे. आपल्या पानांची बेरीज एकविसाच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, पण एकवीस ओलांडायचे नाहीत. राजा, राणी, गुलाम यांचे प्रत्येकी दहा. एक्क्याचा सोयीप्रमाणे एक किंवा अकरा. खेळाडूची झुंज शेजारच्या खेळाडूशी नसून पाने वाटणाऱ्या 'डीलर'शी, म्हणजे जुगारघराशी असते. दोघांना दोन-दोन पाने मिळतात. डीलरचे एक पान उघडे असते, दुसरे पालथे. या पालथ्या पानाला 'होल कार्ड' म्हणतात. आणखी पान मागणे म्हणजे 'हिट', आहे त्यावर थांबणे म्हणजे 'स्टँड', पैज दुप्पट करून एकच पान घेणे म्हणजे 'डबल डाऊन', आणि सारखी दोन पाने आली असता ती फोडून दोन डाव मांडणे म्हणजे 'स्प्लिट'. बेरीज एकविसापलीकडे गेली की 'बस्ट', म्हणजे खेळाडू फुटला. बरोबरी झाली तर 'पुश'. पैज जागच्या जागी राहते. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचे पान आले, तर तो 'नॅचरल' किंवा ब्लॅकजॅक, आणि त्याला जादा पैसे मिळतात.

डीलरला स्वतःची बुद्धी वापरण्याची मुभा नसते. सतरा होईपर्यंत त्याने पान घ्यायचे, सतरा झाले की थांबायचे. खेळाडूला मात्र हवे ते करण्याची मोकळीक. मग ज्याचे हात बांधलेले आहेत तोच शेवटी का जिंकतो? याचे उत्तर डावाच्या क्रमात आहे. खेळाडूने आधी खेळायचे असते. तो फुटला की त्याची पैज तत्काळ उचलली जाते. त्यानंतर डीलर आपले पालथे पान उलटतो. डीलर स्वतः शंभरांतील सुमारे अठ्ठावीस डावांत फुटतो. पण तो फुटण्याआधी जो फुटला त्याचे पैसे केव्हाच गल्ल्यात गेलेले असतात. सारखी बेरीज झाली तर 'पुश', हे नवख्याला आवर्जून सांगतात. पण दोघेही फुटले तर? शिकवल्या जाणाऱ्या शब्दांत या अवस्थेला शब्दच नाही. जुगारघराचा मुख्य नफा ज्या जागी आहे, नेमकी ती जागा भाषेत रिकामी आहे.

या खेळाला ब्लॅकजॅक हे नाव तसे अलीकडचे. स्पेनमध्ये एकविसाच्या डावाचा उल्लेख सर्व्हांतेसच्या १६१३ साली प्रसिद्ध झालेल्या कथांमध्ये सापडतो. फ्रान्समध्ये त्याला 'व्हँ-ते-अं' म्हणजे सरळ 'एकवीस' म्हणत. अमेरिकेत ब्लॅकजॅक हे नाव का पडले याची एक लोकप्रिय कथा आहे: इस्पिकचा एक्का आणि काळा गुलाम एकत्र आल्यास दसपट पैसे मिळत, म्हणून काळ्या गुलामाचे नाव खेळाला लागले. पत्त्यांच्या इतिहासाचे एक फ्रेंच अभ्यासक दुसरेच सांगतात. त्यांच्या मते हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लोन्डाइकच्या सोन्यामागे धावलेल्या खाणवाल्यांच्या बोलीतून आले. जस्ताच्या एका काळसर खनिजाला खाणकामगार ब्लॅकजॅक म्हणत असत, ही गोष्ट खरी आहे. मला दुसरी उपपत्ती अधिक पटते, कारण गुलामाची कथा जरा जास्तच जुळवून आणल्यासारखी वाटते.

खेळाडूंनी स्वतः घडवलेले शब्द पाहिले तर त्यांत एक रोखठोकपणा आढळतो. चित्राच्या पानाला ते 'पेंट', म्हणजे रंग, म्हणतात. ज्या हातात एक्का अकरा धरलेला असतो तो 'सॉफ्ट', मऊ. कारण बेरीज वाढली तर एक्का एकावर आणता येतो आणि फुटण्याचे भय राहत नाही. ज्यात ही सवलत नाही तो 'हार्ड'. बारा ते सोळा बेरजेच्या अडचणीच्या हाताला 'स्टिफ' म्हणतात. घेतले तर फुटण्याची भीती, न घ्यावे तर हरण्याची. याच 'स्टिफ' शब्दाने डीलरमंडळी बक्षिशी न देणाऱ्या गिऱ्हाइकाचाही उद्धार करतात. सढळ हाताने बक्षिशी देणाऱ्याला ते 'जॉर्ज' म्हणतात.

टेबलाच्या शेवटच्या जागेला बेसबॉलवरून 'थर्ड बेस' असे नाव आहे, आणि त्या जागेवर बसणे मोठे जिकिरीचे. त्याने पान घेतले आणि नंतर डीलरला नेमके हवे ते पान आले, की सारे टेबल त्याच्यावर उलटते. वास्तविक त्याच्या पान घेण्याने इतरांचे जितक्या वेळा नुकसान होते, तितक्याच वेळा भलेही होते. पण भले झालेले कोणाच्या लक्षात राहत नाही. हरलेल्यांचा राग शेजाऱ्यावर निघतो, हेही जुगारघराच्या सोयीचेच म्हणायचे.

आता घराचे शब्द पाहा. जुगारघराला इंग्रजीत नुसते 'हाऊस' म्हणतात. आपल्याकडील स्मृतिग्रंथांत द्यूतगृह चालवणाऱ्याला 'सभिक' म्हटले आहे, आणि मराठीत अड्डेवाल्याने प्रत्येक डावातून काढलेल्या वाट्याला 'नाल' म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर द्यूताध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमलेला आहे आणि त्याने जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत असा नियम आहे. या जुन्या शब्दांचा एक गुण असा की घेणारा कोण आणि तो किती घेतो, हे ते उघड सांगतात. ब्लॅकजॅकमध्ये नाल काढताना दिसत नाही. तो नियमांत आणि नावांत मिसळून गेलेला असतो.

त्यातले सर्वांत गोड नाव 'इन्शुरन्स', म्हणजे विमा. डीलरचे उघडे पान एक्का असेल, तर तो खेळाडूंना विचारतो: विमा उतरवणार काय? मूळ पैजेच्या निम्मी रक्कम वेगळी ठेवायची, आणि पालथे पान दहाचे निघाले तर त्यावर दुप्पट मिळते. विमा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे घर, पीक, पश्चात राहणारे कुटुंब येते. शहाणा माणूस विम्याला नाही म्हणत नाही. पण येथे विमा कशाचाच नाही. ती एक निराळी पैज आहे. तिचा हिशेब कोणालाही करता येईल. पत्त्यांत तेरा प्रकार. त्यांपैकी दहाच्या किमतीचे चार, बाकीचे नऊ. प्रत्येक वेळी दहा रुपयांप्रमाणे तेरा वेळा 'विमा' उतरवला, तर सरासरीने चार वेळा वीस-वीस रुपये, म्हणजे ऐंशी मिळतील आणि नऊ वेळा दहा-दहा, म्हणजे नव्वद जातील. एकशेतीस रुपयांमागे दहांची खोट. खेळाडूने मूळ डाव शास्त्रशुद्ध रीतीने खेळला, तर घराचा लाभ शेकडा अर्ध्याच्या आसपास असतो. या विम्यात तो शेकडा साडेसातांहून अधिक आहे. या पैजेला दुसरे कोणतेही नाव असते, तर ती इतक्या जणांनी लावली असती असे मला वाटत नाही.

तशीच नॅचरलची गोष्ट. जुना नियम असा की शंभराच्या पैजेला दीडशे मिळावेत. हल्ली पुष्कळ टेबलांवर एकशेवीसच देतात, आणि ते 'सहास पाच' अशा शब्दांत लिहिलेले असते. ऐकताना ते 'तिनास दोन' यापेक्षा भारी वाटते, कारण आकडे मोठे आहेत. नॅचरल साधारण एकवीस डावांत एकदा येतो. म्हणजे एकवीसशे रुपये मांडल्यामागे तीस रुपये केवळ या शब्दबदलाने घराकडे वळले.

पैशांऐवजी वापरायच्या रंगीत चकत्यांची, म्हणजे 'चिप्स'ची, अमेरिकन टोपणनावे तर पाहण्यासारखी आहेत. पाच डॉलरच्या तांबड्या चकतीला 'निकल' म्हणतात. निकल म्हणजे पाच सेंटचे नाणे. पंचवीस डॉलरच्या हिरव्या चकतीला 'क्वार्टर'. क्वार्टर म्हणजे पंचवीस सेंट. म्हणजे बोलता बोलता रक्कम शंभरपटीने लहान झाली! आपल्याकडे कोणी पंचवीस रुपयांना 'चार आणे' म्हणू लागला, तर घरची माणसे त्याच्या हातून पाकीट काढून घेतील.

मोठ्या गिऱ्हाइकाला 'व्हेल' म्हणतात. देवमासा हा आदराचा शब्द वाटतो. पण देवमाशाच्या मागे जहाजे कशासाठी जात, हे आठवावे. त्याला खोली, जेवण, मद्य फुकट मिळते. या फुकटाचे नाव 'कॉम्प'. तेही अंदाजाने देत नाहीत. समजा, एखादा मनुष्य दर डावाला हजार रुपये लावतो, तासाला साठ डाव होतात, तो चार तास बसतो आणि त्याच्या खेळण्याच्या पद्धतीत घराचा लाभ शेकडा दोन आहे. त्याचा अपेक्षित तोटा चार हजार आठशे. या आकड्याला आतल्या भाषेत 'थिओ' म्हणतात आणि त्याचाच काही हिस्सा जेवणाच्या रूपाने परत येतो. पाहुणचार खरा असतो. फक्त बिल आधी वसूल झालेले असते.

आणि नेवाडा संस्थानात, जिथे १९३१ पासून जुगार कायदेशीर आहे, तिथल्या सरकारी मासिक तक्त्यांत लोक जी रक्कम हरतात ती 'विन', म्हणजे जीत, या शीर्षकाखाली दाखवली जाते. हिशेबाच्या दृष्टीने यात काही चूक नाही. कोणाची जीत, एवढेच अध्याहृत आहे. तक्त्यातल्या रकान्याला नाव देणारा अधिकारी कोण असेल, हे जाणून घ्यायला मला आवडेल.

या सर्व शब्दांमागचे गणित प्रथम उलगडले ते जुगाऱ्यांनी नव्हे. अमेरिकेतील ॲबर्डीनच्या लष्करी केंद्रातील बाल्डविन, कॅन्टी, मायझेल आणि मॅक्डरमॉट या चौघांनी साध्या हिशेबयंत्रांवर आकडेमोड करून कोणत्या हाताला काय करावे याचा निर्णय काढला आणि १९५६ साली तो संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने तो वाचला, मोठ्या संगणकावर पुढचे काम केले आणि १९६२ साली पुस्तक लिहून दाखवून दिले की निघून गेलेली पाने ध्यानात ठेवली तर उरलेल्यांत दहा आणि एक्के कधी जास्त आहेत ते कळते आणि त्या वेळी पारडे खेळाडूकडे झुकते. याला 'काउंट' म्हणतात. त्यात कसलीही लबाडी नाही. उघड्या पानांकडे लक्ष देणे एवढेच आहे.

पण लगेच नवे शब्द निघाले. मोजणाऱ्यावर नजर रोखली गेली की 'हीट'. पाने मध्येच पिसून टाकली की 'शफल अप'. अदबीने 'आपण दुसरा खेळ खेळा' असे सांगितले की 'बॅक ऑफ'. अशा खेळाडूला 'ॲडव्हांटेज प्लेयर' म्हणतात, जणू लाभ मिळवणे ही खेळात काहीतरी विपरीत गोष्ट आहे. १९८२ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने केन उस्टन या खेळाडूच्या दाव्यात निर्णय दिला, की केवळ पाने मोजतो म्हणून जुगारघराला त्याला बाहेर काढता येणार नाही. नेवाडात मात्र आजही काढता येते.

आपल्या प्रदेशाचा या शब्दकोशाशी संबंध गोव्यापुरता आहे. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंविषयी कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द केला. गोव्याचा जुगारबंदीचा कायदाही १९७६ चाच. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरील खेळांना वाट मिळाली. कायद्यातील शब्द 'ऑफशोअर' असा आहे; म्हणजे किनाऱ्यापासून दूर. ही जहाजे वर्षानुवर्षे उभी राहिली ती पणजीसमोर, मांडवी नदीत, बाजारपेठेतून दिसतील इतक्या जवळ. नदी हा समुद्र कसा झाला, हा प्रश्न गोव्यात अनेकांनी विचारून झाला आहे.

एक गोष्ट राहिली. ब्लॅकजॅकच्या टेबलावर 'हिट' किंवा 'स्टँड' तोंडाने म्हटलेले पुरेसे होत नाही. पान हवे तर बोटाने टेबलावर टिचकी मारायची, नको तर तळवा आडवा फिरवायचा. याचे कारण छतावरचा कॅमेरा; त्याला 'आय इन द स्काय' म्हणतात. पूर्वी छताच्या वर अरुंद फळ्या टाकून माणसे चालत आणि एकतर्फी आरशांतून खाली पाहत. वाद झाला तर पुरावा हाताच्या हालचालीचा, शब्दाचा नव्हे. डीलरलाही हाच नियम. पाळी संपवून उठताना तो दोन्ही हात एकमेकांवर झटकतो, तळवे वर करून रिकामे असल्याचे छताला दाखवतो, आणि मग निघून जातो. खेळाडूला तसे काही दाखवावे लागत नाही.