देवाशी बोलण्याची भाषा
(कलशारोहणानंतरच्या सभेत केलेले भाषण)



जीर्णोद्धार समितीने मला ‘आपले मंदिर व संस्कृती’ या विषयावर बोलावयास सांगितले आहे. विषय मोठा आणि महाप्रसादाची पाने मांडावयाची आहेत. तेव्हा एकाच गोष्टीवर बोलतो. ती म्हणजे आपले गाऱ्हाणे.

सकाळी कलश चढला. भटजींचे मंत्र संस्कृतात झाले. ते तसेच असावेत. पण नंतर गावकारांनी नारळ हाती घेऊन आपल्या मालवणीत देवाला हाक घातली, तेव्हा मुंबईची पोरेसुद्धा मोबाईल खिशात घालून उभी राहिली. गाऱ्हाण्यात स्तुती थोडीच असते. आजारपण, शेतीवाडी, परगावी गेलेली लेकरे, वाडवडिलांच्या हातून राहिलेली चूकभूल, हे सारे देवापुढे हक्काने मांडायचे. ‘व्हय महाराजा’ म्हणणारा प्रत्येक जण त्या बोलण्यावर आपली सहीच करीत असतो.

मध्यंतरी समितीच्या बैठकीत सूचना आली की, बाहेरचे पाहुणे हसतात, तरी गाऱ्हाणे यापुढे शुद्ध मराठीत व्हावे. सूचना करणाऱ्याचा हेतू चांगला होता. तरीही मी विरोध केला. त्याचे कारण सांगतो.

आपल्या शेजारी गोव्यात काय झाले ते पाहा. १५६० साली कुशस्थळीचा मंगेश झुआरीपलीकडे प्रियोळला नेऊन ठेवावा लागला. देव रातोरात हलविता येतो. पण लोकांच्या तोंडची बोली? १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. तीन वर्षे! त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती सत्ता टिकली, १९६१ साली गेली. आणि कोकणी हिंदूंच्या घरांत राहिली तशी ख्रिस्ती घरांतही राहिली. राजाज्ञेने देवघर बदलले, चुलीजवळचे बोलणे बदलले नाही.

आणखी एक गंमत अशी की, त्याच सत्तेच्या आश्रयाने आलेल्या फादर स्टीफन्सना ख्रिस्ताची कथा सांगावयास मराठी ओवीच धरावी लागली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापले गेले. त्यांनी कोकणीचे व्याकरणही लिहिले. ते १६१९ साली वारले आणि व्याकरण छापून निघाले १६४० साली. माणूस गेला, त्याने ऐकून टिपलेली लोकांची बोली राहिली.

तिथे भाषा सोडवावयास फर्मान लागले, तरी ती सुटली नाही. आपल्यावर आज कोणाचे फर्मान नाही. तरी ‘लोक हसतील’ एवढ्याच भयाने आपण ती आपखुशीने सोडावयास निघालो आहोत. याला स्वातंत्र्य म्हणावे काय? मी स्वतः चाळीस वर्षे मुंबईस नोकरी केली, कचेरीत मालवणी शब्द तोंडून निसटला की जीभ चावीत असे. तेव्हा हे दुसऱ्या कोणाला शिकविण्याचा अधिकार मला नाही, कबूल आहे.

भिंतीवर देणगीदारांची नावे संगमरवरात कोरली आहेत. चांगले झाले. पण जुनी भिंत उतरविताना निघालेला नावांचा दगड आपण सर्वांनी पाहिला. पावसापाण्याने त्यावरचे एकही नाव धड वाचता येत नव्हते. ती माणसे कोण, कोणाच्या घरची, काही कळले नाही. मात्र ज्या शब्दांत त्यांनी या देवापुढे गाऱ्हाणे घातले, बहुधा तेच शब्द आज सकाळी आपण ऐकले.

आपले गावकार आता ऐंशीच्या पुढे आहेत. बारा-पाचाच्या मानासह सबंध गाऱ्हाणे आज त्यांच्या एकट्याच्याच मुखी आहे. कोणी म्हणाले, मोबाईलवर मुद्रण करून ठेवू. अवश्य ठेवावे. पण मुद्रणाला गावात कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा अजून घरी आलेला नाही, हे ठाऊक नसते. ते दर वेळी नव्याने घालावे लागते. गावकारांशी माझे बोलणे झाले आहे. दिवाळीनंतर रोज तिन्हीसांजेला ते देवळाच्या पडवीत बसतील. दोन मुलांनी नावे दिली आहेत, त्यांतला एक मुंबईचा आहे. आणखी कोणास यावयाचे असल्यास जेवणानंतर मला भेटावे.