कोरा चहा आणि रिकामे पोट
(सहयोगी मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या मेळाव्यात आपल्यातल्या एका बहिणीने मला विचारले होते, "ताई, बिनसाखरेची कॉफी प्यायल्याने वजन उतरते म्हणतात, खरे का?" तेव्हा घाईत उत्तर राहून गेले. आज देते.

थोडे खरे आहे. १०० मिलिग्रॅम कॅफीन पोटात गेले, तर पुढचे दोन-अडीच तास शरीर तीन-चार टक्के जास्त ऊर्जा जाळते. भूकही काही वेळ मंदावते. पण एका कपाने जेवढे जळते, त्यापेक्षा जास्त एका चमचा साखरेतून परत येते. शिवाय शरीराला सवय होते आणि परिणाम ओसरतो. म्हणून वजनासाठी कॉफीवर भिस्त ठेवू नका.

पण तो प्रश्न माझ्या मनात राहिला, कारण त्याच आठवड्यात मी जव्हारकडच्या एका पाड्यावर गेले होते. तिथे पहाटे चूल पेटली की आधी कोरा चहा होतो. दूध कुठले? सहा महिन्यांची गरोदर असलेली एक बाई म्हणाली, "ताई, चहा पिला का भूक मरते. भाकर पोरांना पुरते."

शहरात भूक मारायला आपण पैसे मोजतो. तिथे आई स्वतःची भूक मारते, ती मुलांच्या ताटात भाकर पडावी म्हणून.

यात आणखी एक नुकसान आहे. चहातले टॅनिन अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. नागली, डाळ, पालेभाजी यांतले लोह आधीच कमी शोषले जाते. त्यात जेवणाबरोबर चहा, आणि लोहाची गोळीही चहाच्या घोटाबरोबर! मग रक्त कसे वाढणार? राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात सांगितले आहे की, जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी. गरोदरपणात कॅफीन शरीराबाहेर पडायलाही जास्त वेळ लागतो, आणि ते बाळापर्यंत पोहोचते. दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेणाऱ्या गरोदर स्त्रियांनी ते कमी करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चहाच्या एका कपात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम असते.

आता माझी चूक कबूल करते. अनेक वर्षे आम्ही नाताळच्या पिशवीत काय भरत होतो? चहापत्ती आणि साखर. स्वस्त, टिकाऊ, आणि घेणाऱ्याचा चेहरा खुलतो. प्रेमाने दिले, पण विचार केला नाही.

चहा बंद करा, असे मी पाड्यावर सांगत नाही. पाहुण्याला देण्यासारखे त्यांच्याकडे तेवढेच असते. मी एवढेच सांगते : आधी भाकर, तासाभराने चहा. गोळी पाण्याबरोबर. आणि अमृत आहार योजनेतले अंगणवाडीतले गरम जेवण गरोदर बाईने स्वतः जेवावे, घरी वाटून टाकू नये.

आपल्याला विनंती ही की, यंदाच्या पिशवीत शेंगदाणे, मूग आणि तूरडाळ भरू या.

एलीया थकून झुडपाखाली पडला, मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला आधी उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी ठेवले, आणि म्हणाला, ऊठ, खा. पुढची वाट लांबची होती. आपल्या या बहिणींचीही वाट लांबची आहे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.