माहेरी आलेली लेक आणि तिची मुले



आपला जत तालुका अगदी सीमेवरचा. पलीकडे विजापूर जिल्हा, कर्नाटक राज्य. पण सोयरीक काही सीमा पाहून होत नाही. इकडच्या लेकी तिकडे नांदतात, तिकडच्या इकडे येतात. सगळे ठीक असते तोवर ही सीमा कुणाच्या ध्यानातही येत नाही.

पण समजा, अशीच एक लेक पहाटेच्या गाडीने माहेरी उतरली. कडेवर चार वर्षांची मुलगी, हाताशी आठ वर्षांचा मुलगा, पाठीवर माराचे वळ. दोन दिवसांनी सासरचा निरोप येतो : "पोरे आमची आहेत. मुकाट्याने परत पाठवा, नाहीतर पोरे पळवल्याची केस करू." वडील घाबरतात. शेजारी म्हणतात, "बाई, तुझे लग्न तिकडचे, तुझे कोर्टही तिकडचे."

मंडळी, हे खरे नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा 2005 साली झाला आणि 2006 च्या ऑक्टोबरपासून तो लागू आहे. त्याच्या 27 व्या कलमाप्रमाणे पीडित बाई जिथे राहते, मग ते राहणे तात्पुरते का असेना, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे तिला अर्ज करता येतो. म्हणजे आपल्या या लेकीला जतच्या कोर्टात जाता येते. तिथे झालेला हुकूम साऱ्या देशात चालतो. सीमा ओलांडली म्हणून तो लंगडा पडत नाही.

याच कायद्याच्या 21 व्या कलमाखाली मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. बापाने मुलांना कधी, कुठे भेटावे हेही कोर्ट ठरवते. भेटीने मुलाला अपाय होईल असे दिसले तर भेट नाकारते. अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. वकिलाला पैसे नाहीत? तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, मिळकतीची अट नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. हा ताबा तात्पुरता आहे. कायमचा प्रश्न 1890 च्या पालक व पाल्य कायद्याने सुटतो आणि तिथे मूल नेहमी कोठे राहते ते पाहिले जाते. त्यामुळे नवरा तिकडच्या कोर्टात दावा लावू शकतो. तिकडची नोटीस आली तर ती चुलीत घालू नका! वकिलाला दाखवा. दावा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बदलून मागायचा तर अर्ज सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो. आणि ताब्याचा हुकूम आधीच झाला असेल, तर तो मोडून निघू नका. आधी सल्ला घ्या.

कोर्ट शेवटी पाहते ते मुलाचे हित. हिंदू कुटुंबांपुरता 1956 चा कायदा सांगतो, की पाच वर्षांच्या आतले मूल सामान्यतः आईजवळ असावे. थोरल्याचे काय? त्याची शाळा, त्याची झोप, त्याची भीती, हे सारे पाहिले जाते.

म्हणून गुरुजनांनो, दोन शब्द तुमच्याशी. हा मुलगा दाखल्याशिवाय तुमच्या दारी येईल. त्याला परत धाडू नका. शिक्षण हक्क कायदा, 2009, स्पष्ट सांगतो : दुसऱ्या राज्यातून आला तरी, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. त्याची हजेरी नीट मांडा. उद्या कोर्टात तीच कामास येईल. कोर्टाच्या हुकुमाची नक्कल आईकडून मागून ठेवा. कुणी अचानक मुलाला न्यायला आले, तर आधी आईला कळवा. दांडगाई झाली तर 112 वर पोलिसांना बोलवा.

आणि एक करा. त्या पोराला "तू आईचा की बापाचा?" असे कुणी विचारू नका. तो दोघांचाही आहे. त्याला आज एवढेच हवे आहे, की रात्री दार वाजले तर दचकून उठावे लागू नये.