गव्हाची जनुकीय ओळख आणि बाजारपेठ



पानिपत म्हटले की मराठी मनाला १७६१ आठवते. आजचे पानिपत मात्र गव्हाच्या पट्ट्यात मोडते. लगतच्या कर्नाल येथे भारतीय गहू आणि जव संशोधन संस्था आहे. 'गहू' हे नाव एक असले, तरी त्याखाली अनेक निकटवर्ती प्रजाती येतात. त्यांची अचूक ओळख हा वनस्पतिशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे.

उत्तर भारतातील चपातीचा गहू षट्गुणित आहे. त्यात ४२ गुणसूत्रे असून ए, बी आणि डी असे तीन जनुकसंच आहेत. महाराष्ट्रातील बन्सी आणि खपली हे गहू चतुर्गुणित, म्हणजे २८ गुणसूत्रांचे आहेत. त्यांत 'डी' संच नाही. हा संच एका रानगवताशी झालेल्या नैसर्गिक संकरातून चपातीच्या गव्हात आला.

जनुकीय चिन्हक म्हणजे डीएनएतील ओळख पटविणारा ठरावीक भाग. बहुगुणित पिकांत एकाच जनुकाच्या जवळजवळ सारख्या प्रती प्रत्येक संचात असल्याने एकच चिन्हक अनेक ठिकाणी आढळून दिशाभूल होऊ शकते. म्हणून विशिष्ट संचापुरते मर्यादित चिन्हक निवडावे लागतात. २०१८ मध्ये चपातीच्या गव्हाचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाल्याने हे काम सुकर झाले. त्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात '२ए' या गुणसूत्राचे काम भारताकडे होते.

खपलीचे टरफल मळणीत सुटत नाही, त्यामुळे न कांडलेले धान्य सहज ओळखता येते. पिठात ही खूण उरत नाही. पिठात 'डी' संचाचा चिन्हक आढळला, तर चपातीच्या गव्हाची भेसळ उघड होते. बन्सीची भेसळ मात्र या चाचणीतून सुटते, कारण दोघांचे संच तेच आहेत. तेथे अनेक चिन्हकांचा एकत्रित विचार करावा लागतो.

विक्रेत्याला ठाऊक असलेला दर्जा ग्राहकाला कळत नसेल, तर चांगला माल बाजारातून हटतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखविले. खपलीला जादा भाव मिळावा असे वाटत असेल, तर तिची ओळख सिद्ध करता आली पाहिजे. अन्यथा भेसळीचा तोटा प्रामाणिक शेतकऱ्यालाच सोसावा लागेल.

वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये वाणाची नोंदणी प्रामुख्याने दृश्य लक्षणांवर होते. चिन्हक त्या लक्षणांना पर्याय नव्हेत, पूरक आहेत. ही चाचणी अल्प खर्चात शेतकरी गटांपर्यंत पोहोचली, तरच विज्ञानाचा लाभ शिवारात उतरेल.