गढी : धान्याची भिंत

कानात हेडफोन असेल तर आवाज थोडा वाढवा, कारण आज आपण मातीच्या एका ढिगाऱ्याबद्दल बोलणार आहोत.

आमच्या आजोळी गावाच्या मधोमध एक उंचवटा आहे. त्याला सगळे 'गढी' म्हणतात. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. परवा गेलो तर निम्मी गढी गायब! विचारलं, तर मामा म्हणाले, "अरे, लोकांनी माती नेली. पांढरी माती चांगली असते धाब्याला." मला धस्स झालं. म्हणून हा एपिसोड.

आधी एक घोळ मिटवू. गढी म्हणजे किल्ला नव्हे. नगरचा भुईकोट, जिथे 1942 पासून नेहरू कैदेत होते, तो राजाचा किल्ला. गढी म्हणजे गावच्या पाटलाचं किंवा परगण्याच्या देशमुखाचं तटबंदीचं घर. खाली दगड, वर पांढऱ्या मातीची जाडजूड भिंत, कोपऱ्यांना बुरूज, बंदुकीसाठी जंग्या. एकच मोठा दरवाजा आणि त्यातच छोटी दिंडी, म्हणजे आत येणारा वाकूनच येणार. आत आड असायचा, म्हणजे वेढा पडला तरी पाण्याचे हाल नकोत.

पण खरी गोष्ट जमिनीखाली होती : पेव. तोंड अरुंद, पोट मोठं, आत ज्वारी. पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही. आधी दिवा सोडायचा. दिवा विझला तर हवा वाईट, थांबायचं.

आता विचार करा, एवढी भिंत कशासाठी? सारा गोळा करायचं काम पाटील-देशमुखांकडे. सारा थकला तर वरचा अधिकारी पाटलालाच धरणार. लुटारू आले तर गाव गढीत शिरणार. 19 व्या शतकाच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांच्या धाडी पडायच्या, तेव्हा या भिंतींनी माणसं वाचवली. हे खरंच आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. दुष्काळात भिंतीच्या आत ज्वारी आणि बाहेर उपाशी माणूस, असं झालं तर ती भिंत कुणापासून राखण करते? चोरापासून, की ज्यानं ज्वारी पिकवली त्याच्यापासून?

हा प्रश्न माझा एकट्याचा नाही. शिवाजी महाराजांनाही तो पडला होता. सभासद बखरीत सांगितलंय की वतनदार वाडे, कोट, हुडे बांधून, प्यादे-बंदुका ठेवून बळावले होते. रयतेकडून भरपूर घ्यायचे आणि सरकारात थोडंच भरायचे. महाराजांनी ते हुडे-कोट पाडले, वतनदारांचा हक्क ठरवून दिला आणि रयतेसारखं साधं घर बांधून राहा म्हणून सांगितलं. म्हणजे गढी पाडणं हा त्या काळी चक्क महसुली सुधारणेचा भाग होता!

पुढे वतनं पुन्हा बळावली, गढ्या पुन्हा उभ्या राहिल्या. शेवटी कायद्यानं वतनं संपवली. परगणा आणि कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्यानं गेली, महसुली पाटीलकी 1962 च्या. गढीचं कामच संपलं. मग कौलं गेली, लाकूड गेलं, आता माती चाललीय.

आपल्याच जिल्ह्यात एक गढी मात्र जपली गेली, जामखेड तालुक्यातल्या चौंडीची. तिथले पाटील माणकोजी शिंदे. 1725 मध्ये त्यांच्या घरी अहिल्या जन्मली. आज जिल्ह्याला नावच तिचं आहे. तिथं उभं राहिलं की कळतं, राज्य चालवणारी बाई गावच्या साऱ्याचा हिशोब लहानपणापासून किती जवळून बघू शकली असेल.

पण सगळ्याच गढ्यांत अहिल्याबाई जन्मल्या नाहीत. म्हणून त्या पुसायच्या का? मला वाटतं, नाही. गढीचा अभिमानच बाळगायला हवा असं नाही. पण कुणाच्या घामाची ज्वारी तिथं साठली, भिंत बांधायला कोण राबलं, दिंडीतून कुणाला आत घेत नव्हते, हे विचारायला ती जागा तरी उरायला हवी ना?

म्हणून एक काम करा. तुमच्या गावची गढी मोबाईलनं चारही बाजूंनी शूट करा. रील नंतर. आधी गावातल्या म्हाताऱ्यांना तिथं घेऊन जा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. गढीत राहिलेल्यांनाही विचारा आणि बाहेर उभं राहावं लागलेल्यांनाही.

मी मामांपासून सुरुवात केलीय. भेटू पुढच्या भागात!